उद्यमनगरातले डायनामोवाले मामा: आमच्या ॲम्बेसेडरच्या बेअरिंगचं काम

जुन्या गाडीचा डायनामो, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, कुरकुरायला लागला असेल आणि तुम्ही कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यात राहत असाल, तर दुसरीकडे कुठेही उघडायला देण्याआधी शिवाजी उद्यमनगरात पार्वती टॉकीजच्या बाजूच्या गल्लीतल्या डायनामो-सेल्फच्या दुकानात एकदा जाऊन या. पाटीवरची अक्षरं कधीच उडून गेलीत. ‘डायनामोवाले मामा’ म्हणून विचारलं की शेंबडं पोरगंसुद्धा दुकान दाखवतं. आमच्या ॲम्बेसेडरचा डायनामो मी त्यांच्याकडून दोन्ही टोकांनी करून घेतला आणि काम असं झालंय की सविस्तर लिहायलाच पाहिजे. दोन गोष्टी मला आवडल्या नाहीत, त्याही सांगते.

माझी शिवाजी पेठेत पिठाची गिरणी आहे, उन्हाळ्यात मसाल्याचं कांडपही चालतं. त्यामुळे बेअरिंगशी संबंध रोजचा. मोटरचं बेअरिंग जायला लागलं की गिऱ्हाइकाशी बोलता बोलता कानाला कळतं. कोण काम नीट करतं आणि कोण हातोडी मारून मोकळा होतो, हे मी गिरणीच्या निमित्ताने भरपूर पाहिलंय. मामांच्या कामाबद्दल मी जे म्हणतेय ते त्या अनुभवावरून.

गाडी माझ्या सासऱ्यांची, १९६६ सालची ॲम्बेसेडर मार्क टू. सासरे गुळाचे अडते होते आणि ही गाडी त्यांनी शेवटपर्यंत स्वतः चालवली. इंजिन तेच जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल, आणि चार्जिंगला ल्युकासचा सी ४० जातीचा डायनामो. हा डायनामो पूर्ण जोरात असला तर २२ अँपिअर देतो. आजच्या गाड्यांच्या अल्टरनेटरपुढे हा आकडा लहान आहे, पण दोन हेडलाइट, वायपर आणि इग्निशन एवढ्या गाडीला पुरतो. अट एकच, डायनामो ठणठणीत पाहिजे.

आमचा ठणठणीत नव्हता. सकाळी थंड इंजिन चालू केलं की पुढून खर्रर्र आवाज यायचा, आणि रेस दिली की तो बारीक होत वर चढायचा. इंजिन तापलं की कमी व्हायचा, म्हणून घरात सगळ्यांचं मत ‘राहू दे, चालतंय’ असं होतं. पण थंड असताना खरखर आणि तापल्यावर गप्प, हे वाळलेल्या ग्रीसचं लक्षण आहे. असं बेअरिंग स्वतःहून बरं होत नाही. दुसरं लक्षण रात्री दिसायचं. इंजिनचा वेग एकसारखा ठेवला तरी हेडलाइटचा उजेड हलायचा आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा मंद मंद लुकलुकायचा. खरखर हे बेअरिंगचं दुखणं, लुकलुक हे कार्बनचं (फिरत्या भागावर टेकून वीज बाहेर आणणारे तुकडे), असं बहुतेक जण वेगवेगळं धरतात. आमच्या गाडीत दोन्हीचं मूळ शाफ्ट धरणाऱ्या दोन टोकांतच निघालं. ते पुढे येईलच.

आवाज डायनामोचाच आहे हे आधी घरी पक्कं करून घ्या, म्हणजे उगाच पाण्याचा पंप बदलून बसणार नाही. एकाच फॅनबेल्टवर क्रँकची पुली, पंख्याबरोबरचा पाण्याचा पंप आणि डायनामो असे तिघे असतात. बेल्ट काढायचा आणि इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवायचं. जास्त नाही, कारण पंप बंद असतो. आवाज गेला तर दोष पंपात किंवा डायनामोत. मग इंजिन बंद करून दोन्हींच्या पुल्या हाताने फिरवायच्या, वरखाली हलवून बघायच्या. आमचा पंप गुळगुळीत फिरला. डायनामोची पुली फिरवताना बोटांना वाळू लागावी तसं लागलं, आणि हलवली तर अंगात ढिली होती.

मामांकडे जाण्याआधी एका गॅरेजमध्ये विचारलं होतं. त्यांनी डायनामो उघडायच्या आधीच सांगून टाकलं, ‘मॅडम, हे जुनं झंगाट काढा, मारुतीचा अल्टरनेटर बसवून देतो, ब्रॅकेट करून.’ सल्ला अगदीच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. जो माणूस जुनी गाडी रोज कामाला वापरतो, रात्री-अपरात्री घाटात जातो, त्याला अल्टरनेटर सोयीचा पडतो, आयडलिंगलाही चार्जिंग मिळतं. पण आमची गाडी आठवड्यात एखाद्या दिवशी निघते. ती जशी आली तशीच राहावी ही माझी इच्छा आहे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. त्यात चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल चालत नाहीत. अल्टरनेटरने ती नोंदणी अडते असं नाही. पण बॉनेट उघडल्यावर सासऱ्यांच्या हातचं दिसावं, एवढंच माझं म्हणणं. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी येते तेव्हा आपण गर्दीत टाचा उंच करून बघतो, ते ती गाडी तशीच जपली आहे म्हणून. मग आपल्या घरातल्या गाडीशी वेगळा न्याय का?

मामांचं दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. एका भिंतीला आर्मेचर (डायनामोत फिरणारा, तारा गुंडाळलेला गाभा) टांगलेली, दुसऱ्या बाजूला एक जुनं लेथ आणि हाताने दाबायचा प्रेस. कोपऱ्यात ग्राउलर, ज्यावर आर्मेचर ठेवून वाइंडिंग शॉर्ट आहे का ते पाहतात. मामा सत्तरीचे असावेत, हाताखाली एक तरणा मुलगा. मी डायनामो टेबलावर ठेवला. त्यांनी काही विचारायच्या आत पुली फिरवली, मग डायनामो उलटा करून मागच्या बाजूचा शाफ्ट अंगठ्याने दाबून बघितला.

‘वैनी, आवाज म्होरनं येतोय म्हणून सगळी म्होरचंच बेरिंग बदलत्यात,’ ते म्हणाले. ‘मागचा बुश कोण बघतंय?’

या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे. ल्युकासच्या या डायनामोत पुलीच्या टोकाला बॉल बेअरिंग असतं, पण मागच्या टोकाला, म्हणजे कॉम्युटेटरच्या (कार्बन ज्यावर टेकतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल भागाच्या) बाजूला, बॉल बेअरिंग नसतं. तिथे ब्राँझचा बुश असतो, शाफ्ट ज्यात फिरतो अशी साधी नळी. पुढचं बेअरिंग आवाज करतं, म्हणून लोकांच्या लक्षात येतं. बुश आवाज न करता झिजतो. तो झिजला की आर्मेचर मागच्या बाजूने खाली बसतं. मग काही दिवसांनी ते आतल्या पोलच्या, म्हणजे चुंबक बनणाऱ्या लोखंडी, तुकड्यांना घासायला लागतं, आणि कॉम्युटेटर फिरताना वरखाली होतो म्हणून कार्बन नीट टेकत नाहीत, ठिणग्या उडतात. तेव्हा लोक कार्बन बदलतात, तरी लुकलुक जात नाही, आणि शेवटी सगळा दोष कट-आउटच्या, म्हणजे चार्जिंग जोडणाऱ्या-तोडणाऱ्या, डबीवर जातो. बिचारी ती डबी बऱ्याचदा निर्दोष असते.

डायनामो त्यांनी माझ्यासमोरच उघडला. पुलीचा नट, पुली, शाफ्टमधली अर्धगोल चावी. ती चावी मुलाने लगेच काडेपेटीत टाकली, हरवू नये म्हणून. मग मागून पुढपर्यंत जाणारे दोन लांब बोल्ट. मागचं झाकण सुटलं, पुढचं झाकण आर्मेचरसकट बाहेर आलं. मामांनी आर्मेचर उजेडाकडे धरलं आणि नखाने एक जागा दाखवली. लोखंडी गाभ्यावर एका बाजूने चकचकीत घासल्याचा पट्टा. बाहेरच्या नळकांड्यात बघितलं तर एका पोलवर तशीच चमक. म्हणजे घासायला सुरुवात झालेली होती. आणखी काही महिने तशीच गाडी फिरली असती तर वाइंडिंगपर्यंत गेलं असतं, आणि मग आर्मेचर भरून घेण्याचा खर्च वेगळाच.

पुढचं बेअरिंग झाकणात एका पत्र्याच्या चकतीने धरलेलं असतं आणि चकतीला रिव्हेट मारलेले असतात. इथे मला कळलं की आमचा डायनामो आधी कोणीतरी उघडून गेलंय. रिव्हेट नव्हते, त्यांच्या जागी वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू होते, आणि त्यातला एक ढिला. बेअरिंगला बाहेरून हातोडीचे घाव दिसत होते. मामांनी शाफ्ट प्रेसवर बसवून बेअरिंग उतरवलं, रॉकेलमध्ये धुतलं आणि माझ्या हातात दिलं. आतली कडी फिरवली तर ठरावीक अंतराने टक टक अडकत होती. गोळ्यांनी कडीत खड्डे पाडलेले. यात आश्चर्य काहीच नाही. हातोडी बाहेरच्या कडीवर मारून बेअरिंग शाफ्टवर ठोकलं की तो सगळा धक्का गोळ्यांमधून आतल्या कडीला बसतो. बेअरिंग नवं असतानाच मरून जातं, फक्त ते कळायला वेळ लागतो. गिरणीत मी कारागिरांना हेच ओरडत असते. शाफ्टवर बसवताना आतल्या कडीला दाब, घरात, म्हणजे झाकणातल्या बेअरिंगच्या जागेत, बसवताना बाहेरच्या कडीला दाब. मामांनी दोन्हीसाठी दोन वेगळ्या नळ्या कापून ठेवल्या आहेत आणि हातोडी त्या टेबलावर मला कुठे दिसलीच नाही.

जुन्या बेअरिंगवरचा नंबर घासून गेला होता. मामांनी व्हर्नियर लावून तिन्ही मापं घेतली आणि मुलाला नंबर सांगून पाठवलं. तो नंबर मी इथे मुद्दाम देत नाही. तुमच्या डायनामोत आधी कोणी काय बसवलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही, तेव्हा जुनं बेअरिंगच घेऊन दुकानात जा. नंबर वाचायचा मात्र शिकून घ्या, फार उपयोगी पडतो. ६२०० च्या मालिकेत ६२०२ म्हणजे आतला व्यास १५ मिलिमीटर, ६२०३ म्हणजे १७, आणि ६२०४ पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणायचं, ०४ चे २०, ०५ चे २५. पुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्रा, टू आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबर. सी थ्री म्हणजे गोळ्यांना नेहमीपेक्षा जास्त मोकळीक, तापणाऱ्या मोटरींसाठी. मूळ डायनामोत उघडं बेअरिंग, ग्रीस आणि पुढे नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) चकती अशी रचना होती. मामांनी दोन्ही बाजूंनी रबर असलेलं बसवायला सांगितलं, कारण डायनामो पुढे रेडिएटरच्या मागे धुळीत आणि पाण्यात असतो. मला पटलं. गिरणीत पिठाच्या धुळीपायी आम्हीही तेच करतो.

बेअरिंग जयपूरच्या एनबीसी कंपनीचं आलं. खोक्याचं सील माझ्यासमोर फोडलं, कडीवरचा छापा वाचून दाखवला. बाजारात नावाजलेल्या कंपन्यांच्या खोक्यात भरलेला नकली माल किती आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या पाच सेकंदांची किंमत कळेल.

आता बुश. हे काम बघायला मी मुद्दाम थांबले, आणि तुम्हीही थांबा असं सांगेन. बाजारात बहुतेक ठिकाणी लेथवर गनमेटलचा बुश काढून ठोकतात. तो चालतो, पण त्याला तेल वेळच्या वेळी लागतं आणि ते कोणी घालत नाही. मूळचा बुश असतो तो ब्राँझच्या भुकटीपासून दाबून, भाजून केलेला. त्याच्या अंगाला बारीक बारीक छिद्रं असतात, त्यात तेल मुरतं आणि शाफ्ट फिरून तापला की तेच तेल बाहेर येऊन शाफ्टला लागतं. मामांकडे तयार मापाचे असे बुश डब्यात आहेत. पण डब्यातून काढून लगेच बसवत नाहीत. आधी स्टीलच्या वाटीत इंजिन ऑइल घेऊन त्यात बुश पूर्ण एक दिवस बुडवून ठेवतात. घाई असेल तर तेल गरम करून दोन तासांतही भागतं, पण मामा म्हणाले, ‘घाई तुमची हाय, बुशाची न्हाई.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटीतून बुश काढला, फडक्याने कोरडा पुसला. मग त्याचं एक तोंड अंगठ्याने बंद केलं, आत काठोकाठ तेल भरलं, दुसऱ्या तोंडावर दुसरा अंगठा ठेवून जोरात दाबलं. बुशाच्या बाहेरच्या अंगावर, जिथे काहीच भोक दिसत नव्हतं तिथे, तेलाचे टिपके उमटले. आधी चार-पाच, मग अंगभर. ‘ह्यो जिता बुश,’ मामा म्हणाले आणि माझ्याकडे दिला. मीही करून बघितलं. हे ज्याने बघितलं तो पुन्हा कोरडा बुश बसवू देणार नाही.

तो बसवायचीही पद्धत आहे. शाफ्टच्या मापाचा, आरशासारखा पॉलिश केलेला एक पोलादी खुंटा त्यांच्याकडे आहे. त्यावर बुश चढवून प्रेसने झाकणात दाबतात आणि खुंटा ओढून काढतात. बुश घरात बसताना किंचित आवळतो, पण आतलं माप खुंट्याइतकंच राहतं. रीमर मारून आतून मोठा करायचा नाही, कारण रीमरने छिद्रांची तोंडं बुजतात आणि बुशाचा जीवच जातो. आधीच्या माणसाने नेमकं तेच केलं असणार असं मामांना वाटलं. जुना बुश आतून खरवडलेला आणि एका बाजूने अंडाकृती झाला होता.

कॉम्युटेटरवर कार्बनने खोबण पाडली होती म्हणून तो लेथवर अगदी हलका चाटून घेतला. त्यानंतर तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक साधारण ०.८ मिलिमीटर खोल कोरला, हॅक्सॉ ब्लेडचा दात घासून पातळ केलेल्या तुकड्याने. शेवटी काचपेपर, एमरी नाही. एमरीचे कण पट्ट्यांमध्ये अडकून शॉर्ट करतात. कार्बन नवीन घातले. फिल्ड कॉइलचा (पोलभोवतीच्या तारेच्या गुंडाळीचा) रोध मीटरवर सुमारे सहा ओहम आला, म्हणजे कॉइलला हात लावायची गरज नव्हती, आणि त्यांनी लावला नाही. आर्मेचर ग्राउलरवर बघितलं, तेही चांगलं निघालं. ‘नवीन आर्मेचर घालावं लागेल’ म्हणून माझ्याकडून दोन-तीन हजार सहज काढता आले असते. मला काही कळत नाही असं समजून आधीच्या गॅरेजने जी भाषा केली होती, तिच्यापुढे हे फार मोठं वाटलं.

जोडणीतली एक गोष्ट बघण्यासारखी आहे. या डायनामोच्या अंगाला खिडक्या नसतात, त्यामुळे आत कार्बन टेकवायला हात जात नाही. मामा कार्बन वर उचलून स्प्रिंगच्या कडेने अडकवून ठेवतात, झाकण पूर्ण न बसवता बोटभर फट ठेवतात आणि त्या फटीतून बारीक स्क्रू ड्रायव्हरने स्प्रिंग सोडतात. टक्‌ असा आवाज आला की कार्बन बसला. दोन्हीचे दोन आवाज ऐकूनच झाकण लावलं. पुढच्या चकतीला स्क्रू परत न घालता नवे रिव्हेट मारले.

मग चाचणी. डी (वीज बाहेर देणारं) आणि एफ (फिल्ड कॉइलचं) ही दोन टोकं तारेने एकत्र केली, बॅटरीची एक तार त्यांना आणि दुसरी अंगाला लावली. डायनामो मोटरसारखा आपोआप फिरायला लागला, संथ, एकसारखा. मी कान जवळ नेला. कार्बनची अगदी हलकी सळसळ, बाकी काही नाही. गिरणीवालीच्या कानाला यापेक्षा काय पाहिजे! जे डायनामो या चाचणीत अडखळत फिरतात ते गाडीवर नीट चार्ज करतील अशी अपेक्षा करू नये. तुमच्याही दुकानदाराला हे करून दाखवायला सांगा, एक मिनिटाचं काम आहे.

बेअरिंग का गेलं, हे विचारल्याशिवाय मी निघणार नव्हतेच, पण मामांनी आधीच मुलाला माझ्याबरोबर गाडीपर्यंत पाठवलं. कारण दोन निघाली. हातोडी हे एक. दुसरं, फॅनबेल्ट. आमचा बेल्ट इतका ताणलेला होता की वाजवला तर सूर निघाला असता. चार्जिंग कमी वाटलं की लोक बेल्ट ताणतात. तो सगळा ओढा डायनामोच्या पुढच्या बेअरिंगवर आणि पाण्याच्या पंपावर येतो. मुलाने बसवताना बेल्ट सर्वांत लांब पट्ट्यात अंगठ्याने दाबून अर्धा इंच खाली जाईल एवढाच ताणला, पट्टी धरून पुल्या एका रेषेत आहेत का ते बघितलं आणि एका ब्रॅकेटखाली पातळ वॉशर घातला. तारा जोडायच्या आधी एफच्या टोकाला बॅटरीची तार क्षणभर टेकवून एक ठिणगी दिली. त्यामुळे डायनामोची चुंबकीय दिशा गाडीच्या अर्थिंगला जुळते. उघडून जोडलेला डायनामो हे न करता लावला तर उलटा चार्ज करू शकतो. ज्यांच्या जुन्या इंग्लिश गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं आहे, त्यांनी तर हे आधीच सांगून ठेवावं.

बिल असं: बेअरिंग २२०, बुश ३५०, कार्बनची जोडी १६०, लेथचं काम ३००, मजुरी ९००. एकूण १९३० रुपये. वहीच्या कागदावर लिहून मिळालं, प्रत्येक वस्तू वेगळी. जुने भाग पिशवीत घालून परत दिले. मला हा खर्च रास्तच नाही तर कमी वाटला.

आता न आवडलेलं. एक, मला न विचारता डायनामोच्या अंगावर काळा रंग फवारला. देखणा दिसतो, मान्य, पण जुन्या गाडीच्या माणसाला मूळ रंग आणि त्यावरची पट्टी प्यारी असते. पट्टीवर कागद चिकटवला होता म्हणून ती वाचली, मात्र मागच्या तेलाच्या भोकात रंगाचा थेंब जाऊन ते बुजलं होतं. घरी तेलाची नळी लावताना लक्षात आलं. मामांनी लगेच सुई घालून उघडून दिलं आणि आत काही गेलं नाही ना ते झाकण सोडून बघितलं, पैसे घेतले नाहीत. तरी ज्या भोकावर त्या बुशाचं आयुष्य आहे, ते रंगवताना काडी घालून बंद करायला हवं होतं. तुम्ही देताना ‘रंग नको’ असं स्पष्ट सांगा. दोन, काम झाल्यावर फोन येत नाही. सांगितलेल्या वेळी जायचं आणि झालं नसेल तर बसायचं. बसण्यासाठी फडतरेंची मिसळ जवळ आहे ही सोय, पण तिथेही रांग असते, आणि लांबून येणाऱ्याला हा प्रकार त्रासाचा आहे. एक फोन करायला काय हरकत आहे हे मी मामांना तोंडावर बोलले आहे.

त्यानंतर गाडी जोतिबाला जाऊन आली, पन्हाळ्यालाही गेली. पन्हाळ्याहून अंधार पडल्यावर पावसात उतरलो. हेडलाइट, वायपर दोन्ही चालू, उजेड एकसारखा, लाल दिवा गाडी पळत असेपर्यंत बंद. दाभोलकर कॉर्नरच्या सिग्नलला आयडलिंगवर तो दिवा लागतो, त्याची काळजी करू नका. डायनामोचा वेग साधारण चौदाशे-पंधराशे फेऱ्यांच्या वर गेल्याशिवाय तो बॅटरीला काही देतच नाही, ही त्याची जातच तशी आहे. अल्टरनेटरची सवय असलेली मंडळी इथेच घाबरतात आणि पुन्हा बेल्ट ताणून ठेवतात. सकाळची खरखर पूर्ण गेली. आता थंड इंजिन चालू केलं की टॅपेटचा आवाज सुटा ऐकू येतो, तो आधी यात बुडून जायचा. ते टॅपेट आता बघून घ्यायचेत.

देखभाल म्हणून मामांनी एवढंच सांगितलं: मागच्या भोकात तीस ग्रेडच्या इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब, दीड-दोन हजार किलोमीटरला एकदा. जास्त घातलं तर तेल कॉम्युटेटरवर जाऊन कार्बन खराब करतं. पुढच्या बेअरिंगला काही करायचं नाही, ते बंद आहे.

दुकान सोमवारी बंद असतं. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, डायनामो घरी सोडवून हातात नेणं सोपं पडतं. बुश भिजवायचा असल्याने काम एका दिवसात मागू नका. सकाळी अकराच्या आत गेलात तर मामा स्वतः टेबलावर असतात आणि उघडताना शेजारी उभं राहू देतात.